थकत नाही ते इंजिन, थकतात ती फुफ्फुसे

१५ मे २००१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात एक मालगाडी चालकाविना सुटली. टोलेडो शहराजवळच्या यार्डात सांधा बदलण्यासाठी चालक खाली उतरला, त्याला परत चढता आले नाही आणि ४७ डब्यांची ती गाडी सुमारे ६६ मैल एकटीच धावत राहिली. तिच्या दोन टाकी-डब्यांत वितळलेले फिनॉल होते. हे रसायन कातडीतूनही शरीरात शिरते आणि जीव घेऊ शकते. जवळजवळ दोन तासांनी दुसऱ्या एका लोकोने मागून येऊन तिला गाठले, शेवटच्या डब्याला जोडून घेऊन वेग कमी केला आणि केंटन गावाजवळ गाडी थांबवता आली. कोणाचाही जीव गेला नाही. या घटनेवरून २०१० मध्ये ‘अनस्टॉपेबल’ हा चित्रपट निघाला आणि तो आपल्याकडेही अनेकांनी पाहिला.

पळणारा लोको आणि त्याचा पाठलाग करणारा लोको, दोन्ही एकाच प्रकारचे होते. त्या प्रकाराचे नाव ‘एसडी४०-२’. पळालेल्या लोकोचा क्रमांक होता ८८८८ आणि तो १९७७ साली बनलेला होता. म्हणजे त्या दिवशी त्याचे वय २४ होते आणि तो यार्डात डबे इकडून तिकडे ओढण्याच्या कामावर होता. चित्रपटाला या तपशिलाशी काही देणेघेणे नव्हते. सार्वजनिक आरोग्याला मात्र आहे. ऐन उमेदीत मुख्य मार्गावर धावलेले यंत्र उतारवयात यार्डात येते, यार्ड शहरात असते आणि शहरात माणसे राहतात. हे यंत्र थकत नाही, ही त्याची कीर्ती. तिची किंमत कोण मोजते, हा या लेखाचा प्रश्न.

रेल्वेत डिझेल आले ते स्वच्छतेचे आश्वासन घेऊन. १९३९ मध्ये जनरल मोटर्सच्या इलेक्ट्रो-मोटिव्ह शाखेने ‘एफटी’ नावाचा मालवाहू लोको रुळांवर आणला. प्रात्यक्षिकासाठी तयार केलेल्या पहिल्या जोडणीने अकरा महिन्यांत सुमारे ८४ हजार मैल प्रवास करून वीस मोठ्या रेल्वे कंपन्यांना आपली ताकद दाखवली. वाफेच्या इंजिनाला कोळसा लागे, पाणी लागे, राख उपसावी लागे, बाष्पकाच्या नळ्या साफ कराव्या लागत. डिझेलला यातले काही लागत नव्हते. बोगद्यात तोंडाला ओला रुमाल बांधून बसणाऱ्या कामगारांना तर ते वरदानच वाटले असणार. आणखी एक लाभ त्या वेळी फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही. वाफेच्या इंजिनाच्या बाष्पकाला उष्णतारोधक म्हणून ॲस्बेस्टॉसचे जाड वेष्टण असे आणि दुरुस्ती कारखान्यातले कामगार त्याची धूळ श्वासावाटे घेत. बाष्पके गेली तसा तो धोकाही ओसरत गेला. १९५९ पर्यंत अमेरिकेतील सुमारे ९५ टक्के लोको डिझेलवर चालू लागले होते. वीस वर्षांत एका देशाच्या रेल्वेने आपला श्वास बदलला.

एसडी४०-२ हे या वंशाचे सर्वांत यशस्वी अपत्य. १९७२ च्या सुरुवातीला इलिनॉय राज्यातील ला ग्रेंज येथील कारखान्यातून तो बाहेर पडू लागला आणि १९८९ पर्यंत त्याचे उत्पादन चालले. सुमारे चार हजार लोको बनले. बर्लिंग्टन नॉर्दर्न, युनियन पॅसिफिक, कॅनेडियन पॅसिफिक अशा मोठ्या कंपन्यांनी ते शेकड्यांनी घेतले. सहा आस, तीन हजार अश्वशक्ती आणि आत ‘६४५’ मालिकेतले सोळा सिलिंडरांचे टर्बोचार्जर लावलेले डिझेल इंजिन. ६४५ हा आकडा एका सिलिंडरचे आकारमान घनइंचांत सांगतो. लिटरमध्ये ते साडेदहाच्या थोडे वर भरते. आपल्या रस्त्यावरच्या लहान मोटारीचे सगळे इंजिन एक-सव्वा लिटरचे असते, यावरून कल्पना यावी.

त्याच काळात याच कारखान्याचा अधिक दांडगा लोकोही उपलब्ध होता. वीस सिलिंडर आणि ३,६०० अश्वशक्तीचा ‘एसडी४५’. पण त्याला तेल जास्त लागे आणि देखभालीचा खर्चही जास्त येई. १९७३ च्या तेलसंकटानंतर रेल्वे कंपन्यांनी हिशेब मांडला आणि थोडी कमी ताकद, पण कमी खर्च आणि कमी कटकट असलेल्या एसडी४०-२ ला पसंती दिली. नावातल्या ‘-२’ मध्ये त्याच्या दीर्घायुष्याचे एक कारण दडलेले आहे. जुन्या लोकोंमध्ये विजेच्या नियंत्रणासाठी तारांचे आणि रिलेंचे जंजाळ असे. बिघाड शोधण्यातच दिवस जाई. ‘-२’ मालिकेत ते काम काढता-घालता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कार्डांवर सोपवले गेले. कार्ड बिघडले की ते काढायचे, दुसरे बसवायचे आणि लोको कामावर पाठवायचा. इंजिनाचेही तसेच. एकेका सिलिंडरचा सगळा संच बाहेर काढून नवा बसवता येतो. त्यामुळे हे यंत्र एका दिवशी मरतच नाही. त्याचा एकेक अवयव बदलत जातो आणि ते चालत राहते. अवयवारोपणाने वैद्यकात जे थोड्यांना आणि थोड्या काळापुरते साधते, ते या लोकोला सहज आणि पुन्हा पुन्हा साधले.

मात्र अवयव नवे बसले तरी श्वास जुनाच राहिला. ६४५ हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. या घडणीत सिलिंडरच्या भिंतीवरचे थोडे वंगण तेल जळून धुराबरोबर बाहेर पडते आणि काजळीत भर घालते. डिझेलच्या धुरातले बहुतेक कण अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात आणि त्यांतले पुष्कळसे तर एका मायक्रॉनच्या दहाव्या भागाहूनही लहान. कोळशाच्या धुराचे जाड कण नाकात आणि घशात अडकतात, खोकल्याबरोबर बाहेर येतात, रुमालावर दिसतात. डिझेलचा बारीक कण वायुकोशापर्यंत पोचतो. तिथल्या भक्षक पेशी त्याला गिळतात, पण कार्बनचा गाभा त्यांना पचवता येत नाही. त्या गाभ्यावर कर्करोगकारक हायड्रोकार्बनचा लेप असतो. दाह सुरू राहतो, वर्षानुवर्षे. म्हणूनच ‘धूर दिसत नाही, म्हणजे धूर नाही’ हा समज घातक ठरतो.

त्यात उभ्या लोकोचा प्रश्न वेगळाच. या लोकोंच्या थंडाव्यासाठी साधे पाणी वापरतात, त्यात गोठणरोधक द्रव्य घालत नाहीत. कडक थंडीत इंजिन बंद केले तर पाणी गोठून यंत्र फुटण्याची भीती असते. त्यामुळे ते चालूच ठेवायचे, ही सवय पडली. पुढे थंडी नसतानाही ती सवय राहिली. उभा असलेला मोठा लोको तासाला दहा लिटरच्या पुढे डिझेल जाळतो, तेही एक डबाही न हलवता.

या सगळ्याचा माणसाच्या शरीरावर काय परिणाम झाला, हे वैद्यकाला फार उशिरा कळले. ते कळण्याचे श्रेय डॉक्टरांइतकेच एका कारकुनी व्यवस्थेलाही द्यावे लागेल. अमेरिकेत रेल्वे कामगारांच्या निवृत्तिवेतनासाठी रेल्वे निवृत्ती मंडळ आहे. कोणता कामगार कोणत्या वर्षी कोणत्या हुद्द्यावर होता, याची नोंद या मंडळाने वर्षानुवर्षे जपली. हार्वर्डशी संलग्न असलेले डॉ. एरिक गार्शिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दप्तराचा उपयोग केला. १९५९ मध्ये नोकरीत असलेल्या सुमारे ५५ हजार कामगारांचा त्यांनी मागोवा घेतला. धुराशी संबंध येणारे चालक आणि गार्ड एका बाजूला, तर कचेरीत बसणारे कारकून आणि तिकीट देणारे दुसऱ्या बाजूला. त्यांच्या कामाची जागा वेगळी, म्हणून तुलना अर्थपूर्ण.

पहिले निष्कर्ष १९८७ आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९९६ पर्यंतच्या मृत्यूंची नोंद धरून २००४ मध्ये मोठा अहवाल आला. या ३८ वर्षांत फुफ्फुसाच्या कर्करोगाने ४,३५१ मृत्यू झाले होते. गाडीवर काम करणाऱ्यांमध्ये हा धोका इतरांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळला. १९४५ नंतर, म्हणजे डिझेल येऊ लागल्यावर, नोकरीत लागलेल्यांमध्ये तो त्याआधी लागलेल्यांपेक्षा जास्त होता.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सर्व कामगारांच्या धूम्रपानाची प्रत्यक्ष माहिती त्यात नव्हती, तिचा परिणाम अप्रत्यक्ष रीतीने वजा करावा लागला. नोकरीची वर्षे वाढली तसा धोका सरळ रेषेत चढत गेला, असेही २००४ च्या विश्लेषणात दिसले नाही. शिवाय हा पुरावा डिझेलच्या धुराविषयी आहे. एसडी४०-२ या एका प्रकारावर त्याचे खापर फोडता येणार नाही, कारण अभ्यासातले बहुतेक कामगार तो येण्यापूर्वीच नोकरीत होते. पण पुरावा एकटा राहिला नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील आठ खाणींतल्या १२,३१५ कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात धुराचे प्रमाण वाढेल तसा धोका वाढतो, हे दिसले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर ‘माणसात कर्करोग घडवणारा’ या पहिल्या गटात टाकला. १९८८ पासून तो ‘संभाव्य’ गटात होता. म्हणजे एफटी लोकोच्या पहिल्या फेरीपासून या निर्णयापर्यंत ७३ वर्षे गेली.

नियम त्याआधीच आले होते, पण त्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९८ मध्ये लोकोंच्या धुरासाठी पहिल्यांदा मर्यादा ठरवल्या. मुख्य मार्गावरील लोकोसाठी ‘टियर शून्य’ मर्यादा होती एका अश्वशक्ती-तासामागे ०.६० ग्रॅम कण. २००८ मध्ये नियम कडक झाले. जुन्या लोकोची पुनर्बांधणी करताना ही मर्यादा ०.२२ वर आणली गेली आणि २०१५ पासून बनणाऱ्या नव्या लोकोसाठी ‘टियर चार’ म्हणजे ०.०३ ग्रॅम. पहिल्या मर्यादेच्या विसावा भाग! ही प्रगती खरोखर मोठी आहे. ती इतकी कडक होती की ६४५ चा वारस असलेले ‘७१०’ हे टू-स्ट्रोक इंजिन मुख्य मार्गासाठी तिच्यात बसले नाही आणि कंपनीला नव्या लोकोसाठी फोर-स्ट्रोक इंजिन तयार करावे लागले.

पण गोम इथेच आहे. सर्वांत कडक मर्यादा नव्याने जन्मणाऱ्या लोकोला. जुन्याला मर्यादा लागते ती पुनर्बांधणीच्या वेळी, आणि तीही सौम्य. १९७३ पूर्वी बनलेल्यांना मूळ स्वरूपात राहिल्यास ती लागतच नाही. म्हणजे एसडी४०-२ च्या पहिल्या वर्षाची सगळी पैदास मुळातच बाहेर. मोठ्या कंपन्यांनी विकलेले जुने लोको लहान कंपन्यांकडे जातात आणि लहान कंपन्यांच्या जुन्या लोकोंना बऱ्याच अंशी सूट आहे. नवा लोको महाग, जुना मजबूत आणि जुन्याला नियम सैल. अशा वेळी कोणताही व्यवहारी माणूस जे करील तेच रेल्वे कंपन्यांनी केले. जुनेच पुन्हा बांधून वापरले. आपल्या ८८८८ चीच गोष्ट पाहा. टियर चार लागू झाले त्याच २०१५ साली, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याची पुनर्बांधणी होऊन तो ‘एसडी४०-३’ या नावाने पुन्हा कामाला लागला.

याचा हिशेब यार्डाशेजारी होतो. कॅलिफोर्नियातील रोझविल येथे युनियन पॅसिफिकचे मोठे यार्ड आहे. राज्याच्या हवा संसाधन मंडळाने २००४ मध्ये त्याचा आरोग्य-धोका मोजून प्रसिद्ध केला. यार्डातील लोकोंतून वर्षाला सुमारे २५ टन डिझेलचे कण बाहेर पडत होते आणि त्यांतले जवळजवळ निम्मे उभ्या-उभ्या चालू असलेल्या लोकोंतून. आयुष्यभर तिथली हवा घेतल्यास दहा लाखांत दहापेक्षा अधिक जादा कर्करोग संभवतात, असा परिसर दीड लाखाच्या आसपास लोकांच्या वस्तीवर पसरलेला होता. यार्डाला अगदी लागून असलेल्या छोट्या पट्ट्यात हाच आकडा पाचशेच्या पुढे जात होता. हे आकडे गणिती प्रतिमानाचे आहेत, मोजलेल्या रुग्णांचे नाहीत. तरी दिशा स्पष्ट आहे. रुळांच्या कडेला घर स्वस्त मिळते, म्हणून तिथे कोण राहतो हे सांगायला अभ्यासाची गरज नाही.

रेल्वे कंपन्यांचा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक टन माल नेण्यासाठी रेल्वेला ट्रकच्या तीन-चारपट कमी इंधन लागते. नियम फार महाग केले, तर माल ट्रकवर जाईल आणि एकूण हवा अधिक बिघडेल. हे खरे आहे. पण हा युक्तिवाद मुख्य मार्गावर शंभर डबे ओढणाऱ्या लोकोला लागू पडतो. यार्डात रात्रभर चालू राहून एकही डबा न ओढणाऱ्या लोकोमुळे कोणता ट्रक रस्त्यावरून कमी होतो? रेल्वे एकंदरीत स्वच्छ आहे, हे सरासरीचे सत्य आहे. यार्डाशेजारच्या दमेकरी मुलाचा श्वास सरासरीच्या हवेवर चालत नाही.

एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने धाडस केले. २३ वर्षे किंवा त्याहून जुना लोको २०३० पासून राज्यात मुख्य इंजिनावर चालवता येणार नाही आणि उभा लोको अर्ध्या तासापेक्षा जास्त चालू ठेवता येणार नाही, असा नियम मंडळाने संमत केला. त्याला केंद्रीय संस्थेची मंजुरी आवश्यक होती. ती मिळाली नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने आपला अर्ज मागे घेतला. वयाची सरसकट अट कदाचित ताणून धरलेली होती. चांगल्या रीतीने पुनर्बांधणी केलेला जुना लोको टाकून देणे हाही अपव्ययच. पण त्या नियमामागचा विचार बरोबर होता. यंत्र चालते का, एवढेच विचारून भागणार नाही. ते कोणाशेजारी चालते, हेही विचारायला हवे.

यातून तीन गोष्टी करण्याजोग्या दिसतात आणि त्यांतल्या एकीलाही नवे संशोधन लागत नाही. पहिली, उभे इंजिन बंद करणे. काही मिनिटांनी आपोआप बंद होणारी आणि पाणी गोठण्याच्या बेतात आल्यास आपोआप सुरू होणारी यंत्रणा तयार आहे. अमेरिकेत २००८ च्या नियमांनी ती नव्या आणि पुनर्बांधणी केलेल्या लोकोंना लागूही केली. उरलेल्या जुन्यांना ती बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय, शिवाय डिझेलही वाचते. दुसरी, कामाची वाटणी उलटी करणे. आज सर्वांत स्वच्छ लोको मोकळ्या माळरानातून धावतो आणि सर्वांत जुना वस्तीला खेटून असलेल्या यार्डात राबतो. पैशाच्या हिशेबात हे योग्य, फुफ्फुसांच्या हिशेबात उफराटे. बॅटरीवरचे किंवा विजेवरचे लोको प्रथम यार्डातच यायला हवेत. तिसरी, नोंद ठेवणे. अमेरिकेच्या निवृत्ती मंडळाच्या दप्तरात हुद्दे आणि वर्षे नसती, तर चालकांच्या आणि गार्डांच्या फुफ्फुसांची कहाणी कधीच कळली नसती.

या वंशाशी आपलाही संबंध आहे. १९९९ मध्ये ७१० इंजिनाचा चार हजार अश्वशक्तीचा मालवाहू लोको भारतात आला आणि ‘डब्ल्यूडीजी-४’ या नावाने वाराणसीच्या कारखान्यात बनू लागला. म्हणजे आपल्या रुळांवर ६४५ चीच पुढची पिढी धावली. आता आपल्याकडे वीज वेगाने पोचली आहे. कोकण रेल्वेचा मार्ग २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकृत झाला आणि त्या बोगद्यांतून जाणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने ही आरोग्याचीच सुधारणा म्हणावी लागेल. पण अमेरिकेचा अनुभव इथे सावध करतो. मुख्य मार्गावरून सुटलेले डिझेल लोको नाहीसे होत नाहीत. त्यांना काम शोधले जाते, आणि ते बहुधा यार्डात, बंदरात, कारखान्याच्या सायडिंगवर सापडते. तिथे त्यांच्या धुराची मोजणी कोण करणार आणि तिथल्या शंटिंग कामगारांच्या छातीची तपासणी किती वर्षांनी होणार, हे आत्ताच ठरवले पाहिजे. धुराने झालेला कर्करोग वीस-तीस वर्षांनी दिसतो. तोवर हुद्द्यांची नोंद राहिली नाही, तर रुग्णाच्या कागदावर ‘कारण अज्ञात’ एवढेच उरते.

एसडी४०-२ घडवणाऱ्या अभियंत्यांचा यात दोष नाही. तेलाच्या टंचाईत कमी खर्चात टिकेल असे यंत्र त्यांना हवे होते आणि ते त्यांनी इतके चोख बनवले की पन्नास वर्षांनंतरही त्यांतली अनेक कामावर आहेत. दोष असलाच तर टिकाऊपणाला एवढा एकच निकष मानणाऱ्यांचा. लोको दुरुस्तीला गेला की त्याचे सिलिंडर, चाके, ब्रेक, तारा सगळे तपासले जाते. त्या यादीत शेजारच्या वस्तीच्या हवेचाही एक रकाना असावा, एवढीच ही मागणी आहे.